लगाम, टाच आणि संशय

मराठी माणसाचे घोड्यावाचून पान हलत नाही. घाईत आलेला पाहुणा 'घोड्यावर बसून' येतो, उशिरा सुचलेली गोष्ट 'वरातीमागून घोडे' ठरते, कामापुरती माणसे गोळा केली की ती 'खोगीरभरती' होते आणि परीक्षा जवळ आली की 'घोडामैदान जवळच आहे' असे आपण म्हणतो. लगाम, जीन, रिकीब, तंग, नाल, चाबूक, खोगीर हे सारे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत असे मिसळले, की ते बाहेरचे आहेत हे आज कुणाला सांगूनही पटणार नाही. भाषांचा असा संसार घोड्याच्या पाठीवरच झाला असावा.

प्रत्यक्षात मात्र आमच्यापैकी कितीजण घोड्यावर बसले आहेत? बहुतेकांची सवारी आयुष्यात एकदाच, तीही निकाहाच्या दिवशी. सेहरा डोळ्यांवर आलेला, खाली बाजा वाजतो आहे आणि लगाम घोडेवाल्याच्या हातात! वेग त्याचा, वळणही त्याचेच. दूल्हा फक्त बसलेला.

आमची मुले मात्र रोज संध्याकाळी घोड्यावर बसतात. तो घोडा पडद्यावरचा असतो आणि लगामाच्या जागी हातात कंट्रोलर असतो. या लेखाचा विषय तो घोडा आहे. वार्षिकाच्या समीक्षेच्या पानांवर कादंबरी, कविता, आत्मकथन यांची चर्चा होते. तिथे व्हिडिओ गेमचे काय काम, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर साधे आहे. या खेळांत कथा असते, पात्रे असतात, इतिहास असतो आणि तो इतिहास बऱ्याचदा आपला म्हणवला जाणारा असतो. शिवाय कादंबरीत नसलेली एक गोष्ट तिथे असते : वाचणाऱ्याचा हात. कुठले बटण दाबल्यावर काय घडावे आणि काय घडू नये, हे कुणीतरी आधी ठरवलेले असते. त्या ठरवण्यातच आशय दडलेला असतो. तो आशय आम्ही एकाच प्रश्नाच्या आधारे तपासणार आहोत. खेळातला घोडा कधी धावतो, कधी चालतो आणि ते कोण ठरवतो?

हा प्रश्न आम्हाला सुचला तो भाच्यामुळे. ईदच्या सुट्टीत बहिणीकडे गेलो होतो. भाचा एक जुनाच खेळ खेळत बसला होता. पांढऱ्या झग्यातला, डोक्यावर टोपडे ओढलेला एक स्वार उजाड डोंगरवाटेने भरधाव चालला होता. एकाएकी भाच्याने बोट सैल केले. घोडा धीमा झाला, पाऊल मोजत चालू लागला. आम्ही विचारले, "का रे, थकला का घोडा?"

तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, "नाही मामू, पुढे चौकी आहे. शिपायांसमोरून पळालं की संशय घेतात."

बहीण स्वयंपाकघरातून आमच्याकडे बघत होती. आम्ही काही बोललो नाही. हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारले गेले नव्हते. फक्त आजवर ते घोड्याविषयी नव्हते.

तो खेळ होता 'असॅसिन्स क्रीड'. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या माँट्रियल येथील स्टुडिओने तो 2007 च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आणला. संगणकावरची आवृत्ती 2008 मध्ये आली. काळ 1191 चा, म्हणजे तिसऱ्या क्रूसेडचा. स्थळे मस्याफ, दमास्कस, अक्का आणि जेरुसलेम. नायक अल्ताइर हा मस्याफच्या किल्ल्यातल्या त्या पंथाचा मारेकरी आहे, ज्याला युरोपी प्रवाशांनी 'असॅसिन' हे नाव दिले. इतिहासात हे लोक म्हणजे सीरियातील निजारी इस्माईली. खेळ सुरू होताना पडद्यावर एक निवेदन येते. विविध धर्म आणि श्रद्धा असलेल्या लोकांनी मिळून ही काल्पनिक कृती घडवली आहे, असा त्याचा भाव आहे. 2001 नंतरच्या त्या वर्षांत अरब नायक घेऊन, क्रूसेडचे दोन्ही बाजूंचे सरदार लक्ष्य म्हणून दाखवणारा खेळ काढणे धाडसाचे होते, हे मान्य केलेच पाहिजे. शहरे तर अशी उभी केली आहेत की गच्चीवरून मिनार पाहताना हात थांबावा. नायकाच्या तोंडी अमेरिकन धाटणीची इंग्रजी आहे, ती मात्र कानाला खटकते.

आता घोड्याकडे येऊ. ही शहरे एका मोठ्या मोकळ्या मुलखाने जोडलेली आहेत. तो पार करायला घोडा मिळतो. शहराच्या वेशीवर तो सोडावा लागतो, आत पायीच जायचे. या खेळाच्या रचनेत एक मजेदार कल्पना आहे. कंट्रोलरवरची चार बटणे म्हणजे नायकाच्या देहाचे चार भाग : डोके, शस्त्राचा हात, मोकळा हात आणि पाय. उजव्या खांद्यावरचे एक बटण त्याची वृत्ती बदलते. ते सोडलेले असताना तो सभ्य आणि लक्षात न येणारा. दाबून धरले की आक्रमक आणि उघडा. पायी असताना याच बटणाने तो पळतो, भिंती चढतो. घोड्यावर असताना ते दाबून धरले की घोडा दौडू लागतो, सोडले की धीमा होतो. म्हणजे माणसाच्या चार अवयवांना चार बटणे मिळाली, घोड्याच्या वाट्याला स्वतःचे असे एकही नाही. तो स्वाराच्या वृत्तीचा केवळ वाढीव भाग आहे.

नियम असा, की वाटेवरच्या शिपायांच्या नजरेसमोरून घोडा दौडवला की ते सावध होतात आणि तलवारी उपसून मागे लागतात. शिपाई सलाहुद्दीनचा असो की क्रूसेडरांचा, नियम एकच. धीमे गेलात तर कुणी विचारत नाही. अनेक खेळाडूंना हा नियम कंटाळवाणा वाटला. एवढा सुंदर मुलूख दिला, घोडा दिला आणि मग मैलभर वाट पावलापावलाने तुडवायला लावली, अशी त्यांची तक्रार. घोडा मिळूनही घोडदौड नाही, ही तक्रार समजण्यासारखी आहे.

आमचे मत थोडे वेगळे आहे. मनोरंजन म्हणून तो नियम फसला असेल, पण या खेळातली सर्वांत खरी गोष्ट तीच आहे. पहारा असलेल्या मुलखात वेग ही खाजगी बाब राहत नाही. रस्त्यावरून कोण कशा चालीने जातो, याला अर्थ चिकटतो. हे इतिहासाच्या पुस्तकात वाचून कळते. इथे ते बोटाला कळते. बटणावरचे बोट आपोआप सैल होते, खांदे जरा खाली येतात. आमच्या भाच्याचे आले होते. कलाकृती अंगात उतरते म्हणतात, ती अशी.

परंतु समीक्षा इथे थांबली तर ती नुसती वाहवा होईल. नियमाच्या दोन मोठ्या मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा अशी, की या खेळातल्या शिपायाला फक्त चाल दिसते. स्वाराचे नाव, पेहराव, बोली, कपाळ यांपैकी काहीही त्याच्या हिशेबात नाही. पंधरा शस्त्रे अंगावर लटकवलेला माणूस धीमा चालला की सुटला. ही फार सोयीची दुनिया झाली! खऱ्या चौकीवर असे होत नाही, हे सांगायला आम्हाला सीरियात जावे लागत नाही. धीमे चालूनही ज्याला थांबवले जाते, त्याच्यासाठी या खेळात बटण नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. या मुलखात मान खाली घालून धीमेपणाने चालणारा जो एक स्वार आपल्या हाती दिला आहे, तो खरोखरच मारेकरी आहे. म्हणजे शिपायाचा संशय मुळात बरोबर ठरतो. त्याची सभ्य चाल हे सोंग आहे आणि ते सोंग वठवण्यात खेळाडूचे कौशल्य. आता कल्पना करा, की त्याच वाटेने एखादा बाप आजारी लेकरासाठी हकीम आणायला घोडा पिटाळत चालला आहे. किंवा कुणी तरुण मुलगा सकाळच्या वाऱ्यात नुसत्या आनंदाने दौडतो आहे. असा निरपराध घाईचा स्वार या सबंध खेळात आम्हाला दिसला नाही. दौडणारा म्हणजे गुन्हेगार आणि धीमा म्हणजे लपलेला गुन्हेगार, एवढेच दोन प्रकार उरतात. लेखकाने हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. पण न ठरवता केलेली गोष्टही कलाकृतीत अर्थ निर्माण करते आणि तिचा जाब कलाकृतीलाच द्यावा लागतो.

आता नावाचा प्रश्न. या खेळातल्या घोड्याला नाव नाही. कुठेही सोडा, पुढच्या ठाण्यावर दुसरा तयार उभा. हा मेला काय नि तो मेला काय! मिनाराच्या दगडाची एवढी काळजी घेणाऱ्यांनी घोड्याच्या बाबतीत ही बेफिकिरी करावी, याचे आम्हाला आश्चर्य वाटते. कारण तो मुलूख घोड्याला विसरणारा नव्हता. मस्याफजवळच शैझर नावाचे ठाणे आहे. तिथे 1095 मध्ये जन्मलेला उसामा इब्न मुन्किध हा सरदार 1188 मध्ये दमास्कसला वारला, म्हणजे खेळातली कथा सुरू होण्याच्या तीनच वर्षे आधी. मस्याफचा किल्लाही 1140 च्या सुमारास निजारींनी घेतला तो याच मुन्किध घराण्याकडून. उसामाने म्हातारपणी 'किताब अल्-इतिबार' हे आठवणींचे पुस्तक सांगितले. त्यात घोड्यांच्या आठवणी आहेत. घोड्यांतही माणसांसारखेच सोशिक आणि भेकड असे प्रकार असतात, असे त्याचे निरीक्षण आहे आणि जखमी होऊनही स्वाराला सुखरूप बाहेर काढणाऱ्या जनावरांचे किस्से तो जिव्हाळ्याने सांगतो. त्याच्या लेखी घोडा म्हणजे स्वभाव असलेला जीव होता.

दुसरा दुवा तर आपल्या मुंबईपर्यंत येतो. त्याच निजारी इस्माईली परंपरेचे इमाम पहिले आगाखान 1840 च्या दशकात इराणहून निघून मुंबईला पोहोचले. 1881 मध्ये ते वारले. माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. या घराण्याचे घोड्यांचे वेड जगजाहीर आहे. तिसऱ्या आगाखानांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकली. चौथे आगाखान 2025 च्या फेब्रुवारीत निवर्तले. त्यांच्या शेरगार या घोड्याने 1981 ची डर्बी जिंकली आणि 1986 मध्ये जिंकलेल्या घोड्याचे नाव होते शहरस्तानी, एका थोर मुस्लिम विद्वानाचे. मस्याफच्या किल्ल्याची दुरुस्तीही आगाखान ट्रस्ट फॉर कल्चरने केली. ज्या परंपरेत घोड्याचे नाव आणि त्याची वंशावळ जपली जाते, तिच्या पूर्वजांवर खेळ काढायचा आणि त्यात घोडा मात्र बेनाम ठेवायचा! लगाम हाती घेताना ज्याचे नाव माहीत नाही, त्याच्या वेगाशी आपले नाते काय असणार?

नाते असलेला घोडा खेळात शक्य तरी आहे का? आहे. तुलनेसाठी आम्ही तीन उदाहरणे घेतो.

1998 सालच्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' या जपानी खेळात एपोना नावाची घोडी आहे. पडद्यावर काही गाजरे दिसतात. टाच मारण्याचे बटण दाबले की एक गाजर संपते आणि घोडी उसळी घेते. गाजरे हळूहळू पुन्हा भरतात, पण सगळी एकदम उधळली तर थांबावे लागते. व्यवस्था बाळबोध आहे. तरी वेग फुकट नसतो, तो जनावराकडून उसना घ्यायचा असतो, एवढे ती शिकवते.

त्यानंतर 2005 चा 'शॅडो ऑफ द कोलॉसस'. दिग्दर्शक फुमितो उएदा. एका मृत मुलीला परत आणण्यासाठी एक तरुण ओसाड भूमीत सोळा महाकाय जीवांना मारायला निघतो. सोबतीला एकच जीव, आग्रो ही काळी घोडी. या खेळात आपण तरुणाला चालवतो, घोडीला नाही. टाच मारली, लगाम ओढला, की ते तिला कळवणे झाले. पुढचे ती ठरवते. कधी ती क्षणभर उशीर करते. पुलावर किंवा झाडीत आपण वळवले नाही तरी ती आपली आपण वाट काढते. कड्याच्या टोकाशी कितीही टाच मारली तरी थबकते. अनेकांनी 'घोडी ऐकत नाही' म्हणून कुरकुर केली. आम्हाला तोच त्या खेळाचा गाभा वाटतो. शेवटच्या टप्प्यात पूल कोसळताना आग्रो स्वाराला पलीकडे झोकून देते आणि स्वतः खाली पडते. ती लंगडत परत येते तेव्हा खेळाडूचे डोळे भरतात, कारण तोवर तिच्या न ऐकण्याची त्याला सवय झालेली असते. जे आपले सगळेच ऐकते त्याच्यासाठी कुणी रडत नाही.

तिसरे उदाहरण 2018 च्या 'रेड डेड रिडेम्प्शन 2' चे. काळ 1899 चा, भूमी अमेरिकेची, नायक दरोडेखोर. इथे बटण नुसते दाबून धरून भरधाव जाता येत नाही. ते पुन्हा पुन्हा दाबावे लागते. टापांच्या ठेक्यात दाबले तर घोड्याचा दम कमी खर्च होतो, ठेका सोडून बडवले तर तो लवकर थकतो. सापाला किंवा श्वापदाला तो बिचकतो. तेव्हा थोपटून शांत करावे लागते. चारा घाला, खरारा करा, थोपटा, तसे नाते चार पायऱ्यांनी वाढत जाते आणि मग तो अधिक विश्वासाने चालतो. त्याला नाव आपणच ठेवायचे. जखमी होऊन दगावला आणि वेळेवर औषध दिले नाही, तर तो कायमचा गेला. या नात्यात हिशेबाचा वास येतो, हे खरे. थोपटल्याचे गुण मिळत असतील तर ते प्रेम की गुंतवणूक? तरीही ठेक्याची कल्पना आम्हाला फार आवडली. वेगासाठी आधी ऐकावे लागते, हे इथे बोटाला कळते.

या तिन्ही खेळांपुढे 'असॅसिन्स क्रीड' ठेवला की चित्र स्पष्ट होते. एपोनात वेग उसना आहे, आग्रोत तो जनावराच्या मर्जीचा आहे, तिसऱ्यात तो ठेक्याचा आहे. अल्ताइरच्या घोड्याचा वेग मात्र चौकीवरचा शिपाई ठरवतो. स्वार आणि घोडा यांच्यात काहीच घडत नाही. जे काही घडते ते स्वार आणि पहारेकरी यांच्यात. लगाम कुणाच्या हाती दिसतो आणि खरा कुणाच्या हाती असतो, हा फरक त्या खेळाने नकळत पकडला, म्हणून तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आणि तो फरक पकडूनही दुःख म्हणून दाखवला नाही, युक्ती म्हणून दाखवला, म्हणून तो अपुरा वाटतो.

कुरआनातील शंभरावी सूरह 'अल्-आदियात' धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने सुरू होते आणि माणसाच्या कृतघ्नपणाकडे वळते. भाष्यकारांनी त्या दोहोंची सांगड घातली आहे : जनावर आपल्या धन्यासाठी जीव तोडून धावते आणि माणूस आपल्या धन्याला विसरतो. ज्या वाचकांच्या कानात लहानपणापासून त्या टापा आहेत, त्यांनी खेळातल्या टापाही कान देऊन ऐकाव्यात, एवढेच आमचे म्हणणे. मुलांच्या हातातून कंट्रोलर काढून घेण्याने काही साधणार नाही. शेजारी बसून 'हा घोडा का थांबला?' एवढे विचारावे. उत्तरात पुष्कळ काही असते.

त्या रात्री आम्ही भाच्याला यातले थोडेफार सांगितले. हकीम आणायला निघालेल्या बापाची गोष्ट त्याला आवडली. तो म्हणाला, "पण मामू, तसा माणूस गेममध्ये ठेवला तर शिपायांनी काय करायचं?"

आम्ही म्हटले, "वाट द्यायची."

तो हसला. सकाळी आम्ही निघायच्या वेळी पुन्हा खेळत बसला होता. चौकी आली. या वेळी त्याने बटण सोडले नाही. घोडा चौखूर उधळला, शिपाई ओरडत मागे लागले आणि थोड्याच वेळात पडदा पांढरा होऊन खेळ मागच्या टप्प्यावर गेला.

"हरलास," आम्ही म्हणालो.

"माहीत होतं," तो म्हणाला. "एकदा पळून बघायचं होतं."